जर्मनीला जायचंय? आधी स्वतःचा सिलॅबस उघड

तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे: सांगली जिल्ह्यातल्या कॉलेजात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहेस, सहावं सेमिस्टर चालू आहे, सीजीपीए ७.६. वडील एसटीत आहेत. जर्मनीत शिक्षण फुकट असतं असं ऐकलंयस. आता आधी इंग्रजीची आयईएलटीएस परीक्षा द्यायची, जर्मनचा क्लास लावायचा, की एका एजन्सीला दीड लाख भरून सगळं त्यांच्यावर सोपवायचं, हे तुला कळत नाहीये.

वयाने तू माझ्या वर्गातल्या मुलांएवढा, म्हणून एकेरीत लिहिते. मी स्वतः २००३ ते २००६ या काळात जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगला मास्टर्स केलं. आता इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते आणि गेली सोळा वर्षं दरवर्षी सात-आठ मुलांचे जर्मनीचे अर्ज माझ्या टेबलावरून जातात. म्हणून जर्मनीपुरतंच आणि तुझ्यासारख्या मास्टर्सला जाणाऱ्या मुलापुरतंच बोलते.

तू विचारलंयस सुरुवात कुठून करू, पण त्या प्रश्नात दोन प्रश्न दडलेत. माझ्यासारख्याला तिथे प्रवेश मिळेल का, हा एक. आणि आमच्या घराला हे झेपेल का, हा दुसरा. या दोन्हींची उत्तरं हातात येण्याआधी परीक्षा, क्लास, एजन्सी यांवर एक रुपयाही खर्च करू नकोस. उत्तरं शोधायला पैसे लागत नाहीत, आठ-दहा संध्याकाळी लागतात.

पहिला प्रश्न घेऊ. आपल्याकडे प्रवेश म्हणजे गुणांची यादी आणि कटऑफ, हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. जर्मनीतली विद्यापीठं गुण बघतात, पण त्याआधी बघतात की तू काय शिकलायस. प्रत्येक मास्टर्सची एक प्रवेश नियमावली असते. तिच्यात लिहिलेलं असतं की अर्जदाराने गणित इतकं, मेकॅनिक्स इतकं, थर्मोडायनॅमिक्स किंवा मटेरियल्स इतकं केलेलं हवं. हे मोजतात ईसीटीएस या युरोपीय पद्धतीच्या क्रेडिटमध्ये. तिथे पूर्ण वर्षाचा अभ्यास म्हणजे ६० क्रेडिट, आणि एक क्रेडिट म्हणजे घरच्या अभ्यासासकट २५ ते ३० तासांचं काम. आपले क्रेडिट वेगळ्या मापाचे असल्यामुळे तिथला परीक्षक तुझ्या विषयांचे तास आणि मजकूर बघून स्वतः हिशोब मांडतो.

हा मुद्दा मला एका विद्यार्थ्यामुळे कायमचा शिकायला मिळाला. प्रॉडक्शनचा मुलगा, सीजीपीए ८.९, वर्गात पहिला. मेकाट्रॉनिक्सच्या बारा ठिकाणी अर्ज केले आणि बाराही ठिकाणांहून नकार आला. कारण सगळीकडे सारखंच होतं: इलेक्ट्रॉनिक्स आणि कंट्रोलचे विषय पुरेसे नाहीत. त्याच वर्षी त्याच्याच वर्गातल्या ७.४ वाल्या मुलीने प्रॉडक्शन आणि मटेरियल्सच्या पाचच ठिकाणी अर्ज केले आणि तीन ठिकाणी प्रवेश मिळवला. तिने हुशारी एकच केली होती. अर्ज करण्याआधी आमच्या विद्यापीठाचा सिलॅबस आणि तिथली नियमावली शेजारी ठेवून रात्री जागवल्या होत्या.

तूही तेच कर. डीएएडी या जर्मन संस्थेच्या संकेतस्थळावर इंग्रजीतून शिकवल्या जाणाऱ्या अभ्यासक्रमांची मोफत यादी आहे. तिथून मेकॅनिकलच्या जवळचे दहा-बारा अभ्यासक्रम काढ. मग प्रत्येकासाठी थेट त्या विद्यापीठाच्या पानावर जाऊन प्रवेश नियमावली शोध. कधी ती फक्त जर्मनमध्ये असते. भाषांतराचं साधन वापरून वाच, पण वाचच. एका वहीत डावीकडे त्यांची मागणी आणि उजवीकडे तुझा विषय, सेमिस्टर, आठवड्याचे तास असं लिहून काढ. विषयाच्या नावावर जाऊ नकोस. आपल्याकडे स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स म्हणतात, त्यातला बराचसा भाग त्यांच्याकडे टेक्निकल मेकॅनिक्स या नावाखाली येतो. युनिटमध्ये काय आहे ते बघ. चार-पाच नियमावल्या अशा वाचून झाल्या की आपण कुठे बसतो आणि कुठे नाही, हे तुला कुठल्याही सल्लागारापेक्षा चांगलं कळायला लागेल.

आता गुण. तिथे १.० सर्वोत्तम आणि ४.० काठावर पास, म्हणजे आकडा जितका लहान तितका चांगला. आपला सीजीपीए त्यात बदलण्यासाठी बव्हेरियन सूत्र वापरतात. सर्वोच्च ग्रेडमधून तुझी ग्रेड वजा करायची, त्याला सर्वोच्च आणि किमान पास ग्रेड यांच्यातल्या फरकाने भागायचं, तीनने गुणायचं आणि एक मिळवायचा. तुझे ७.६, सर्वोच्च १०, किमान पास ४ धरलं तर उत्तर येतं २.२. पण किमान पास ५ धरलं, तर तेच ७.६ होतात २.४४. बऱ्याच ठिकाणी २.५ च्या आतच हवं अशी अट असते, त्यामुळे हा फरक किरकोळ नाही. म्हणून किमान पास ग्रेड काय आहे हे मार्कशीटच्या मागे छापलेलं आहे का ते बघ. नसेल तर विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडून तसं पत्र घे. हे पत्र वेळेवर मागणारी मुलं मी फार थोडी पाहिलीत.

थोडक्यात, ७.६ वर तू बाहेर फेकला जात नाहीस. म्युनिक, आखेनसारख्या गर्दीच्या ठिकाणी कठीण जाईल. माग्डेबुर्ग, केम्निट्स, झीगन, काइझर्सलाउटर्न अशा ठिकाणी विषय जुळले तर चांगली संधी आहे. आणि ही गावं दुय्यम आहेत असं समजू नकोस. जर्मनीत सरकारी विद्यापीठांच्या दर्जात आपल्यासारखी खोल दरी नाही, आणि लहान गावात खोलीचं भाडं बरंच कमी असतं.

इथून दुसऱ्या प्रश्नाकडे येते, आणि तो जरा निवांत समजून घे, कारण सगळ्यात जास्त गैरसमज पैशाबद्दलच आहेत.

“फुकट” हे अर्धं खरं आहे. बहुतेक सरकारी विद्यापीठांत ट्यूशन फी नाही. सेमिस्टरला साधारण १०० ते ३५० युरो एवढं योगदान भरायचं असतं. पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात, म्हणजे श्टुटगार्ट, कार्ल्सरूह, हायडेलबर्ग या भागात, युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सेमिस्टरला १,५०० युरो फी आहे. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४ च्या हिवाळी सेमिस्टरपासून मास्टर्सला बहुतेक ठिकाणी सेमिस्टरला ४,००० ते ६,००० युरो फी सुरू केली. खासगी विद्यापीठांची फी तर पूर्ण वेगळी. तेव्हा प्रत्येक अभ्यासक्रमापुढे वहीत फीचा रकाना ठेव.

मोठा आकडा आहे तो ब्लॉक्ड अकाउंटचा. व्हिसासाठी वर्षभराच्या राहण्या-खाण्याचे पैसे आधी जमा करून दाखवावे लागतात. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो आहे. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर साधारण बारा लाख. एका पालकांना कुणीतरी ही रक्कम “फी” म्हणून सांगितली होती आणि ते जमीन विकायच्या तयारीने माझ्याकडे आले होते. ही फी नाही. पैसे तुझेच असतात, तुझ्याच नावाच्या खात्यात राहतात आणि तिथे पोचल्यावर महिन्याला ९९२ युरो याप्रमाणे तुला परत मिळतात. त्यातून खोलीचं भाडं, दीडशे युरोंच्या आसपास आरोग्यविमा आणि जेवण भागवायचं. लहान गावात भागतं, म्युनिकमध्ये ओढाताण होते.

पण वडिलांशी बोलताना पहिल्या वर्षावर थांबू नकोस. वर्षभराने राहण्याचा परवाना वाढवताना पुढच्या काळाच्या पैशांची सोय पुन्हा दाखवावी लागते. आणि चार सेमिस्टरचं मास्टर्स चारच सेमिस्टरमध्ये संपवणारी मुलं कमी. थीसिस आणि इंटर्नशिप धरून पाच-सहा होतात. घरचा हिशोब अडीच वर्षांचा मांड.

“पार्ट-टाइम करून भागवेन” असं सगळेच म्हणतात. मार्च २०२४ पासून विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. विद्यापीठातल्याच सहायकाच्या नोकरीला तिथे हीवी म्हणतात, आणि ती या दिवसांत मोजत नाहीत. २०२६ मध्ये किमान वेतन तासाला १३.९० युरो आहे. त्यामुळे दुसऱ्या वर्षाचा मोठा भाग कामातून निघू शकतो, माझ्या अनेक विद्यार्थ्यांनी काढलाय. पण पहिलं सेमिस्टर कामावर विसंबून ठेवू नकोस. त्या सहा महिन्यांत शहर, भाषा आणि तिथली परीक्षा या तिन्हींशी जुळवून घ्यायचं असतं.

परीक्षेबद्दल हे आत्ताच लक्षात घे. आपल्याकडे एटीकेटी ही सवय होऊन बसते, पुढच्या वेळी काढू म्हणून सोडून देता येतं. तिथे बहुतेक विद्यापीठांत एका विषयाला तीनच प्रयत्न असतात. अनिवार्य विषयात तिसऱ्यांदा नापास झालास तर तो अभ्यासक्रमच तुझ्यासाठी बंद होतो, आणि तोच अभ्यासक्रम जर्मनीत दुसरीकडेही सहसा घेता येत नाही. माझ्या एका विद्यार्थ्यावर ही वेळ आली. पहिल्या दोन प्रयत्नांच्या वेळी तो रोज संध्याकाळी गोदामात काम करत होता. मुलगा कष्टाळू होता, चूक फक्त हिशोबात झाली, आणि ती आधी समजावून सांगायला मी कमी पडले याची मला आजही खंत आहे. म्हणून आता प्रत्येकाला हे पहिल्याच बैठकीत सांगते.

कर्जाबद्दल: सरकारी बँका साडेसात लाखांच्या वर सहसा तारण मागतात. घर किंवा जमीन वडिलांच्या एकट्याच्या नावावर आहे की काका-आत्यांसह सातबाऱ्यावर, हे आत्ताच बघा. बँकेत प्रकरण अडतं ते बहुधा तिथेच, आणि वाटणीपत्र महिन्याभरात होत नाही. ब्लॉक्ड अकाउंटचे पैसे कर्जात धरता येतात का, हे शाखेत लेखी विचारा. शिष्यवृत्त्याही बघ. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. इतर प्रवर्गांसाठीही राज्याच्या योजना आहेत. जागा मोजक्या असतात आणि विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असते, म्हणून जाहिरात आल्यावर अटी ओळ न् ओळ वाच.

आता कागदपत्रं. महाराष्ट्रातल्या मुलांची इथे एक खास अडचण होते, ती म्हणजे नाव. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. पासपोर्टवर वेगळा क्रम. एका ठिकाणी स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त. आधारवर वडिलांच्या नावाला “राव” जोडलेलं. क्रम वेगळा असला तर बहुधा निभावतं, स्पेलिंग वेगळं असलं की प्रश्न येतात. या आठवड्यात दहावी, बारावी, सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट, आधार आणि पासपोर्ट एका ओळीत मांडून अक्षर न् अक्षर ताडून बघ. चूक मार्कशीटवर असेल तर बोर्डाकडून किंवा विद्यापीठाकडून दुरुस्ती, आणि नावच बदललेलं असेल तर राजपत्रात नोंद. दोन्हींना वेळ लागतो. पासपोर्ट अजून काढला नसशील तर दहावीच्या मार्कशीटवरचं स्पेलिंगच त्यावर येऊ दे.

नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस प्रमाणपत्र बंधनकारक आहे. दिल्लीतलं हे कार्यालय तुझी शैक्षणिक कागदपत्रं तपासून खरी असल्याचं प्रमाणपत्र देतं. फी १८,००० रुपये. व्हिसासाठी ते लागतंच, बरीच विद्यापीठं अर्जासोबतच मागतात. त्याला आठवडे जातात आणि गर्दीच्या दिवसांत जास्त, म्हणून सातव्या सेमिस्टरमध्ये ते काम हातात घे. अनेक विद्यापीठांचे अर्ज युनि-असिस्ट या संस्थेमार्फत जातात; पहिल्या अर्जाला ७५ युरो, त्याच सेमिस्टरच्या पुढच्या प्रत्येक अर्जाला ३०. सहा अर्ज म्हणजे २२५ युरो. बारा ठिकाणी आंधळेपणाने अर्ज करणं किती महाग पडतं ते यावरून दिसेल.

वेळापत्रक मागून पुढे मांड. हिवाळी सेमिस्टर ऑक्टोबरमध्ये सुरू होतं. १५ जुलै ही शेवटची तारीख सगळ्यांच्या तोंडी असते, पण परदेशी विद्यार्थ्यांसाठी कित्येक अभ्यासक्रम मार्च ते मे दरम्यानच बंद होतात. तेव्हा अर्ज पुढच्या जानेवारी ते एप्रिलमध्ये जायला हवेत, त्याआधी एपीएस, त्याआधी आयईएलटीएस. निकाल दोन वर्षं ग्राह्य असतो, म्हणून या जुलै-ऑगस्टमध्ये दिलीस तर चालेल. आत्ता सहाव्या सेमिस्टरच्या मध्यात देण्याची घाई नको. आठव्या सेमिस्टरचा निकाल हाती नसताना अर्ज चालतो का, हे विद्यापीठागणिक बदलतं. काही ठिकाणी तोपर्यंतचे क्रेडिट पुरतात आणि पदवी नंतर दाखवता येते, काही ठिकाणी पदवीशिवाय अर्ज उघडतच नाहीत. हाही वहीतला एक रकाना. तुझ्या यादीत दुसऱ्या प्रकारची विद्यापीठं जास्त निघाली तर एक वर्ष इथे नोकरी करून जा. त्याने प्रवेशाचं काही बिघडत नाही, आणि घरावरचा भार हलका होतो.

जर्मन भाषा: हो, आणि वरच्या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली की लगेच. अभ्यासक्रम इंग्रजी असला तरी घरमालक, महापालिकेचं कार्यालय आणि मुख्य म्हणजे नंतरची मेकॅनिकलची नोकरी जर्मनमध्ये चालते. पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात, पण भाषा त्या १८ महिन्यांत शिकायची म्हटली तर उशीर झालेला असतो. पुण्यात मॅक्सम्युलर भवन आणि रानडे इन्स्टिट्यूट आहेत. सांगलीत राहून ऑनलाइन वर्गही करता येईल. भाषेच्या पातळ्या ए-१, ए-२, बी-१ अशा चढत जातात; निघण्याआधी ए-२ पूर्ण आणि जमलं तर बी-१ सुरू, एवढं ठेव. मी स्वतः फक्त ए-१ वर गेले होते. पहिले चार महिने वर्गात मागच्या बाकावर गप्प बसायचे, आणि ते दिवस तुझ्या वाट्याला येऊ नयेत असं मनापासून वाटतं.

शेवटी ती एजन्सी. सगळे सल्लागार वाईट असतात असं मी म्हणणार नाही. कागदपत्रांची जुळवाजुळव नीट करून देणारे लोक मला माहीत आहेत. पण दोन गोष्टी समजून घे. जे “मोफत” सल्ला देतात त्यांचं उत्पन्न सहसा खासगी विद्यापीठांच्या कमिशनमधून येतं, आणि सरकारी विद्यापीठं असं कमिशन सहसा देत नाहीत. त्यामुळे तुला कुठली नावं सुचवली जातील ते उघड आहे. जे पैसे घेतात, ते मुख्यतः फॉर्म भरून देतात. माझ्या एका विद्यार्थिनीचं युनि-असिस्टचं खातं एका एजन्सीने स्वतःच्या ईमेलवर काढलं होतं. एक कागद कमी आहे असं पत्र तिकडून आलं, एजन्सीत कुणी ते उघडलं नाही, मुदत गेली. तिला कळलं तीन आठवड्यांनी. कुणाचीही मदत घे, पण खातं तुझ्या ईमेलवर, पासवर्ड तुझ्याकडे, आणि हेतूपत्र, म्हणजे हाच अभ्यासक्रम का हवा ते सांगणारं पत्र, तुझ्या हाताने लिहिलेलं हवं. दीड लाख म्हणजे तुझं एपीएस, आयईएलटीएस, सहा अर्ज आणि जर्मनचे दोन वर्ग एवढं सगळं बसून वर पैसे उरतील.

एक घाईची गोष्ट मात्र आहे. सातव्या सेमिस्टरसाठी इलेक्टिव्ह निवडायचा फॉर्म तुमच्याकडे लवकरच येईल. बहुतेक मुलं सोपा पेपर किंवा मित्राने घेतलेला विषय बघून टिकमार्क करतात. तुझ्या वहीत जिथे त्यांची मागणी आहे आणि तुझ्याकडे विषय नाही, अशी एखादी फट या इलेक्टिव्हने बुजवता येते. शिवाय बीईचा प्रोजेक्टही त्याच दिशेचा घेता येतो, आणि हेतूपत्रात लिहायला तेवढं खरं काहीतरी हाताशी राहतं. तेव्हा फॉर्म भरण्याआधी निदान तीन अभ्यासक्रमांची वही पूर्ण कर. ती तीन नावं, तुझ्या सहा सेमिस्टरचे विषय आणि इलेक्टिव्हचे पर्याय मला लिहून पाठव. मी बघून सांगते.